कुमिसचा पहिला घोट

रुब्रुकचा विल्यम हा फ्रान्सिस्कन साधू १२५३ साली काळ्या समुद्राच्या बाजूने मंगोलांच्या मुलखात शिरला आणि पुढच्या वर्षी मोंगके खानाच्या काराकोरमला पोहोचला. या प्रवासाचा वृत्तांत त्याने फ्रान्सचा राजा नववा लुई याच्यासाठी लॅटिनमध्ये लिहिला. त्यातले कुमिसचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, वर्णन मला फार मोलाचे वाटते.

पहिल्याच घोटाला विल्यमला दरदरून घाम फुटला. भीतीने आणि नवखेपणाने. पण पेय चवीला उत्तम लागले, हेही तो लगोलग सांगतो. त्या प्रदेशातले रशियन, ग्रीक आणि अलान ख्रिस्ती कुमिस प्यायले की धर्मातून गेलो असे समजत, ही नोंद त्याचीच आहे. हे लक्षात घेतले की एका साधूने आपल्या राजाजवळ दिलेल्या या कबुलीचे वजन कळते.

चवीआधी तो कृती पाहतो. मोठ्या कातडी पिशवीत दूध ओततात. खालचे टोक माणसाच्या डोक्याएवढे जाड आणि आतून पोखरलेले, अशा सोट्याने ते घुसळतात. दूध नव्या द्राक्षासवासारखे फसफसते, आंबते. लोणी निघेपर्यंत घुसळणे थांबत नाही. ताकाच्या घरात वाढलेल्या आपल्या वाचकाला हे सगळे डोळ्यांपुढे दिसते. मग चव येते, तीही दोन टप्प्यांत: पिताना जिभेला झोंबणारी, आणि घोट उतरल्यावर बदामाच्या दुधाची. ‘आंबट’ म्हणून तो मोकळा झाला असता, तर हा दुसरा टप्पा आपल्याला कधीच कळला नसता. उपमाही नेमकी आहे. तेव्हाच्या युरोपात उपवासाच्या दिवशी गाईच्या दुधाऐवजी बदामाचे दूध वापरत. साधूच्या ते चांगलेच परिचयाचे.

पेयाभोवतीची माणसेही त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. तंबूच्या दाराशी कुमिस ठेवलेले, शेजारी वादक उभा; यजमान प्यायला लागला की सेवक आरोळी देतो आणि वाद्य वाजते. खानापुढे विल्यमने तांदळाची दारू आदरापुरती चाखली. ती स्वच्छ होती, पांढऱ्या वाइनसारखी. त्याचा दुभाष्या मात्र वाढप्यांजवळ उभा राहून इतका प्यायला, की थोड्याच वेळात झिंगला. धर्माचा निरोप घेऊन आलेल्या माणसाची ही केवढी अडचण! तरी तो ती लपवत नाही.

कातडी पिशवीत घुसळून कुमिस, म्हणजेच तिथले ‘ऐराग’, करण्याची मंगोलियातली पद्धत २०१९ साली युनेस्कोच्या वारसायादीत आली. साडेसातशे वर्षांपूर्वीचे वर्णन आजच्या कृतीशी ताडून पाहता येते, याचे श्रेय विल्यमच्या डोळसपणाला आहे. परक्या मुलखातल्या खाण्यापिण्यावर लिहू इच्छिणाऱ्याने हा वृत्तांत जरूर वाचावा. इंग्रजी भाषांतरे उपलब्ध आहेत. सुरुवात कुमिसच्या प्रकरणापासून करावी.