लष्करी विद्यालयें आणि सनावळीचा पुरावा

सैन्यांतील अधिकाऱ्यांस युद्धविद्या शिकविणाऱ्या जुन्या संस्थांची तुलना करतांना एक ठराविक पद्धति आढळते. इंग्लंडांतील वुलविच १७४१, ऑस्ट्रियांतील व्हीनर नॉयश्टाट १७५१, फ्रान्सांतील सँ-सीर व अमेरिकेंतील वेस्ट पॉइंट दोन्ही १८०२, अशी सनावळी मांडावयाची. तिच्यासमोर मराठ्यांच्या दौलतींतील रिकामी जागा दाखवावयाची. आणि विद्यालय नव्हतें म्हणून राज्य गेलें, असा निकाल द्यावयाचा. उलट पक्षी कित्येक अभिमानी लेखक पागेसच विद्यालय ठरवून समाधान मानतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष एकाच पायावर उभे आहेत, व तो पाया कच्चा आहे. स्थापनेच्या सालावरून संस्था केव्हां जन्मली एवढें कळतें. तिनें काय केलें हें त्यावरून ठरत नाहीं.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर केला पाहिजे. बर्लिन येथें १८१० सालीं निघालेली युद्धशाळा पूर्वींच अधिकारी झालेल्यांच्या वरिष्ठ शिक्षणासाठीं होती. क्लाउझेवित्स हा १८१८ पासून १८३० पर्यंत तिचा प्रमुख होता, तरी अध्यापनक्रम त्याच्या हातीं नव्हता. तिची तुलना हाय विकम येथें १७९९ सालीं निघालेल्या इंग्रजी वरिष्ठ शाखेशीं होऊं शकते. १८०२ सालीं ग्रेट मार्लो येथें सुरू होऊन १८१२ सालीं सँडहर्स्टला गेलेल्या मुलांच्या शाखेशीं ती करणें म्हणजे पदवीधरांची सभा व धुळाक्षरांची शाळा एका मापानें मोजण्यासारखें आहे.

आमच्या दृष्टीनें प्रत्येक संस्थेस तीन प्रश्न विचारावे : आंत कोणास घेत, परीक्षेवर काय अवलंबून असे, आणि बाहेर पडल्यावर कोणती नोकरी वाट पाहत असे.

वुलविच तोफखान्याच्या व इंजिनियरांच्या अधिकाऱ्यांसाठीं होतें, आणि त्या शाखांत हुद्दा विकत मिळत नसे. पायदळ व घोडदळ यांतील हुद्दे मात्र १८७१ पर्यंत पैसे देऊन घेतां येत. तेथें सँडहर्स्टचें शिक्षण अपरिहार्य नव्हतें. पॅरिसच्या राजकीय लष्करी शाळेंत शिष्यवृत्ति मिळण्यास बापाकडून चार पिढ्यांचें उमरावपण सिद्ध करावें लागे. पण आंत गेल्यावर गणिताची परीक्षा खरी होती. १७८५ सालीं लाप्लास या गणितज्ञानें नेपोलियनची परीक्षा घेतली व ५८ जणांत त्याचा क्रमांक ४२ वा आला. वेस्ट पॉइंट येथें थेयर यानें १८१७ ते १८३३ या काळांत दररोज पाठ घेऊन गुण नोंदविण्याची शिस्त बसविली. कंपनीच्या ॲडिस्कोंब विद्यालयांत (१८०९ ते १८६१) प्रवेश डायरेक्टरांच्या शिफारशीनें मिळे. परंतु शेवटच्या परीक्षेंतील पहिले इंजिनियर, त्यांच्या खालचे तोफखान्यांत आणि उरलेले पायदळांत जात. वशिला दारापर्यंत चाले, पुढें गुण पाहिले जात.

आतां या कसोटीवर मराठ्यांच्या पराभवाचें तें सोपें कारण घासून पाहूं. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजीं झाली. ॲडिस्कोंब त्यानंतर सहा वर्षांनीं उघडलें. कलकत्त्याजवळ बारासात येथील कंपनीची उमेदवारांची शाळा १८०२ सालची. ती बेशिस्तीसाठीं गाजली व १८११ सालीं मोडण्यांत आली. जेत्या आर्थर वेलस्लीनें १७८६ सालीं शिक्षण घेतलें तें फ्रान्सांतील आंजे येथील अश्वविद्येच्या शाळेंत, आणि लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा त्यानें १७९३ सालीं विकत घेतला. तेव्हां असईस विद्यालयानें पागेवर जय मिळविला, असें म्हणण्यास जागा नाहीं.

भेद दिसतो तो तिसऱ्या प्रश्नापाशीं. महादजी शिंद्यांनीं १७८४ सालीं द बॉइन्य यास पदरीं ठेविलें व त्यानें कवायती पलटणें उत्तम उभीं केलीं. परंतु त्यांतील युरोपियनांचें बंधन धन्याशीं झालेल्या करारापुरतें होतें. १८०३ सालीं कंपनीनें जाहीरनामा काढतांच शिंद्यांकडील अनेक इंग्रज अधिकारी नोकरी सोडून गेले, आणि द बॉइन्यचा उत्तराधिकारी पेराँ हाही त्याच सप्टेंबरांत इंग्रजांच्या आश्रयास गेला. कंपनीच्या अधिकाऱ्यास सनद, ज्येष्ठतेनें बढती, आणि १७९६ च्या नियमांनीं रजा व निवृत्तिवेतन होतें. गव्हर्नर बदलला तरी त्याची नोकरी बदलत नसे. अशी कायम नोकरी आधीं सिद्ध झाली. तिला माणसें पुरविण्यास विद्यालय मागाहून आलें. फळास मूळ समजण्याची ही चूक आमच्या इतिहासलेखनांत अजून टिकून आहे.

पहिल्या प्रश्नाचें महत्त्व पुढील काळांतही दिसतें. १९१८ सालीं सँडहर्स्टचें दार हिंदी तरुणांस उघडलें तें वर्षास दहा जागांपुरतें. १९३२ सालीं डेहराडूनचें विद्यालय निघालें तेव्हां पहिल्या तुकडींत चाळीस विद्यार्थी होते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीची कोनशिला १९४९ सालीं बसली, तिचें उद्घाटन १९५५ सालीं झालें, आणि मुलींस प्रवेश २०२२ सालीं मिळाला. यांपैकीं ज्या सालीं दार कोणासाठीं तरी नव्यानें उघडलें, तेंच साल इतिहासास अधिक बोलकें आहे.

मराठ्यांचा सरदार व पथक्या कसा घडे, याचें उत्तर सनावळींत सांपडणार नाहीं. तें हजिरीपटांत, तैनातजाबत्यांत, सरंजामाच्या सनदांत व बापामागें मुलास पथक दिल्याच्या पत्रांत आहे. संग्राहकांचा ओढा मोठ्या नांवाच्या शिक्क्याच्या कागदाकडे असतो, आणि नांवनिशींचे कंटाळवाणे बंद वाळवीच्या स्वाधीन होतात. ॲडिस्कोंबविषयीं आज ठामपणें लिहितां येतें, याचें कारण तेथील नामावळ्या व परीक्षांचे क्रमांक राखले गेले. आमच्या सैन्याविषयीं तितक्याच ठामपणें बोलावयाचें असेल, तर हे बंद जपून, जुळवून, छापून काढल्यावांचून गत्यंतर नाहीं. तोंपर्यंत पराभवाचा निकाल व पागेचा गौरव हे दोन्ही पुराव्याविना दिलेले अभिप्राय होत.