‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ : विद्यार्थिमार्गदर्शनाच्या परिभाषेचे परीक्षण

मराठीत ‘सोडणे’ हे सकर्मक व ‘सुटणे’ हे अकर्मक क्रियापद होय. ‘तोडणे-तुटणे’, ‘फोडणे-फुटणे’ या जोड्यांतील संबंधच येथे आढळतो. ‘त्याने शिक्षण सोडले’ या वाक्यात कर्ता उघड आहे आणि कृतीची जबाबदारी त्याच्यावर पडते. ‘त्याचे शिक्षण सुटले’ असे म्हणताच तोच मनुष्य षष्ठीत जातो आणि ते कोणामुळे सुटले हे अनुक्त राहते. हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. विद्यापीठीय मार्गदर्शनाची आजची परिभाषा तपासताना तो निर्णायक ठरतो.

महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवी अभ्यासक्रमाची नवी चौकट घालून दिली. तीनुसार पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४ श्रेयांक आणि त्यांखेरीज कौशल्याचे ४ श्रेयांक मिळविणाऱ्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर पदविका व तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडता येते. या बाहेर पडण्यास ‘निर्गमन’ ही संज्ञा योजली जाते. निर्गमन म्हणजे निघून जाणे. जाणारा स्वेच्छेने जातो, हे त्या शब्दात गृहीतच आहे. कचेरीची जुनी भाषाही याहून निराळी नाही. ‘शाळा सोडल्याचा दाखला’ सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘सुटल्याचा’ दाखला कोणी पाहिलेला नाही.

हे गृहीत कितपत टिकते, हे पाहण्यास धाराशिव जिल्हा योग्य आहे. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा या जिल्ह्यातील विद्यार्थ्यास विद्यापीठाचे आवार सुमारे अडीचशे किलोमीटरांवर होते. २००४ मध्ये विद्यापीठाचा उपपरिसर येथे आला आणि ते अंतर तुटले. दुसरे अंतर मात्र कायम आहे. हा जिल्हा अवर्षणाचा. उचल घेतलेली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात. तोडणाऱ्या जोडप्यास तेथे ‘कोयता’ म्हणतात. घरातील थोरल्या मुलीवर मागे राहिलेल्या भावंडांचा भार पडतो, आणि पहिल्या सत्राच्या परीक्षाही बहुधा याच हंगामात येतात. अशी मुलगी परत आली नाही, तर गावातील माणसे ‘तिचे कॉलेज सुटले’ असे म्हणतात. नोंदवही ‘तिने सोडले’ असे म्हणते. या दोहोंत भाषाशास्त्रदृष्ट्या अचूक कोण, हे सांगण्यास पांडित्य लागत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. पूर्वी एका वर्षानंतर घरी बसलेल्या विद्यार्थ्याच्या हाती काहीच राहत नसे. आता प्रमाणपत्र मिळते, श्रेयांक पेढीत जमा राहतात, तीन वर्षांच्या आत परतता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु परतण्याची वाट मोकळी असणे निराळे आणि ती वाट कोणीतरी दाखविणे निराळे. जेथे प्रत्येक गळती ‘निर्गमन’ या सदरात जमा होते, तेथे अपयशही यशाच्या रकान्यात मोजले जाण्याचा धोका असतो.

प्रवेशाची चिंता व्यवस्थेने वाहिली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागतांच्या उद्बोधनाची रूपरेषा आखली व लहान गटास एक शिक्षक-मार्गदर्शक सुचविला. दीक्षेला विधी आहे. निर्गमनाला मात्र केवळ अर्ज आहे, आणि तो बहुधा लिपिकाच्या खिडकीशीच आटोपतो.

उपाय खर्चाचा नाही. अर्ज स्वीकारण्यापूर्वी शिक्षकाने विद्यार्थ्याला समोर बसवून, त्याच्या बोलीत, एकच गोष्ट विचारावी : शिक्षण सोडतोस, की सुटते आहे? पहिले उत्तर आले, तर त्याच्या निर्णयाचा मान राखून निरोप द्यावा. दुसरे आले, तर कारण शोधावे. शिष्यवृत्तीचा अर्ज अडला असेल, तर तो मार्गी लावता येतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास स्वाधार योजना आहे. हजेरी बुडाली असेल, तर प्राध्यापकांशी बोलता येते. सुटत असलेली वस्तू वेळीच धरता येते. सोडलेली धरून ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. मार्गदर्शकाचे सारे कार्य या दोन क्रियापदांतील भेद ओळखण्यात आहे, आणि ज्या परिभाषेत त्यांपैकी एकच क्रियापद उरते, ती परिभाषा सदोष समजली पाहिजे.