साक्षीदाराचे स्थान : सीमाभूमीची कादंबरी आणि तिचे दृश्यरूप

अमेरिकन सीमाभूमीवरील कादंबऱ्यांत कथा सांगणारा पुष्कळदा त्या भूमीला परका, किंवा वयाने अपुरा असतो. ओवेन विस्टरच्या 'द व्हर्जिनियन'मध्ये (१९०२) तो पूर्वेकडून आलेला पाहुणा आहे. जॅक शेफरच्या 'शेन'मध्ये (१९४९) एक मुलगा. दूरचित्रवाणीने पहिली कादंबरी १९६२ ते १९७१ या काळात मालिकारूपाने दाखविली, दुसरी १९६६ मध्ये. विस्टरचा ट्रॅम्पस हा खलपुरुष. नायकाच्या हातून त्याचा अंत होतो. मालिकेत तोच ट्रॅम्पस नायकाचा सहकारी होऊन वर्षानुवर्षे गुरे हाकतो! शेनचे निघून जाणे हाच ज्या कथेचा अर्थ, तिच्या मालिकेत त्याला आठवड्यामागून आठवडे शेतावर राबणे भाग पडले. यास केवळ अरसिकता म्हणून भागणार नाही. पुढच्या आठवड्यास पुन्हा भेटावयाचे असेल, तर कोणाचाही शेवट परवडत नाही.

मराठीत या प्रश्नाच्या सर्वांत जवळ येते ती व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). अमोल पालेकरांचा तिच्यावरील चित्रपट १९९५ चा. चित्रपट एकदाच संपतो. त्यामुळे दुष्काळाने वाडी ओस पडते, हा शेवट त्याच्या आवाक्यात राहतो. निसटते ते निराळेच. कादंबरीत तरुण मास्तर 'मी' म्हणून बोलतो, आणि धनगरांविषयीचे त्याचे अज्ञान वाक्यावाक्याने विरत जाते. पडद्यावर मास्तर स्वतःच दिसू लागतो. पाहणारा पाहिला जातो.

तथापि 'बनगरवाडी'स सीमाभूमीची कादंबरी म्हणण्यापूर्वी इंदापूर-बारामतीकडे पाहिलेले बरे. माडगूळकरांच्या माणदेशाप्रमाणे हाही अवर्षणाचा मुलूख. प्रिंगलच्या जबर आकारणीने इंदापुरातील रयतेने जमिनी टाकल्या; १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिडच्या फेरपाहणीने आकार उतरला, तेव्हा त्या पुन्हा नांगराखाली आल्या. पुढे १८८५ मध्ये नीरा डावा कालवा झाला. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला जिराईत आणि मेंढरे. अमेरिकन कथेतील सीमा (मूळ रहिवाशांना पुसून) पश्चिमेकडे सरकते व एकदाची संपते. येथील सीमा पावसाबरोबर पुढेमागे होते. वाडी उठते, बसते, पुन्हा उठते.

तेव्हा मालिकेचे जे न संपणे विस्टरला मारक ठरले, ते या मुलुखास कदाचित मानवले असते. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणाऱ्या आणि पावसाळ्यास माळावर परतणाऱ्या कळपांच्या कथेला शेवटाची निकड नाही. 'बनगरवाडी'त शेवट आहे, कारण मास्तरला जावयाचे होते. धनगरांचा तो शेवट नव्हे.