अच्युत कानविंदे यांची वास्तुकला : एक उपेक्षित वारसा

प्रस्तावना : वास्तुवारसा म्हटला की गड, वाडे आणि मंदिरे डोळ्यांसमोर येतात. स्वातंत्र्योत्तर काळातील प्रयोगशाळा, महाविद्यालये व कारखाने यांचा विचार त्यात सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात अच्युत कानविंदे (१९१६-२००२) यांच्या तीन वास्तूंच्या आधारे या उपेक्षेचा परामर्श घेतला आहे.

विवेचन : कोकणातील आचरे येथे जन्मलेल्या कानविंदे यांनी मुंबईत जे. जे. मध्ये शिक्षण घेतले व पुढे हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे अध्ययन केले. अहमदाबादच्या ‘अटिरा’ या वस्त्रसंशोधन संस्थेच्या इमारतीवर तो संस्कार स्पष्ट दिसतो. सरळ रेषा, सपाट छत आणि अलंकरणाचा अभाव ही तिची वैशिष्ट्ये होत. ही रचना शिस्तबद्ध असली तरी तिची भाषा बरीचशी आयात केलेली आहे. कानपूर आयआयटीच्या संकुलात मात्र ही भाषा येथल्या हवामानाशी जुळते. काँक्रीटचा सांगाडा व विटांच्या भिंती गिलाव्याविना उघड्या राहतात. उंचावरून जाणारे आच्छादित मार्ग इमारतींना जोडतात आणि विद्यार्थी वाहनांपासून दूर, सावलीतून चालतो. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत छतावरील मनोरे आतील उष्ण हवा बाहेर सोडतात. त्या वास्तूचे रूप या गरजेतूनच घडले आहे.

हिरडस मावळातील हिर्डोशीसारख्या अतिपावसाच्या गावात घराचे उतरते छप्पर व पडवी शोभेसाठी नसते. पाऊस हेच त्यामागील कारण असते. हाच निकष लावल्यास मेहसाण्याचे मनोरे आपणास परके वाटणार नाहीत.

या वास्तूंना मर्यादाही आहेत. उघड्या काँक्रीटवर पावसाचे ओघळ उमटतात. पाणी झिरपल्यास आतील सळया गंजतात. देखभाल थांबली की इमारत कुरूप ठरते आणि कुरूपतेचे कारण देऊन ती पाडणे सोपे जाते. राज रेवाल यांनी रचलेले व महेंद्र राज यांच्या अभियांत्रिकी कौशल्याने उभे राहिलेले दिल्लीतील ‘हॉल ऑफ नेशन्स’ (१९७२) एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आले. वारसा समितीने लावलेल्या ६० वर्षांच्या अटीत ते बसत नव्हते.

निष्कर्ष : केवळ वय हा वारशाचा निकष अपुरा आहे. वास्तूने हवामान, साहित्य आणि उपयोग यांचा प्रश्न कसा सोडविला, हे पाहिले पाहिजे. ग्रामीण महाविद्यालयांनी आपापल्या तालुक्यातील १९५० ते १९७० या काळातील शाळा, दवाखाने व शासकीय इमारतींचे आराखडे, बांधकामवर्षे आणि साहित्य यांची नोंद केल्यास मूल्यमापनाचा पाया घातला जाईल. नोंदच नसलेली वास्तू पाडताना कोणाला हरकत घेता येत नाही.