‘स्वच्छ चेहरा’ या निकषाची चिकित्सा : खुपरी निर्मूलनाच्या संदर्भात

खुपरी (ट्रॅकोमा) या संसर्गजन्य नेत्रविकाराच्या निर्मूलनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेल्या ‘सेफ’ धोरणाची शस्त्रक्रिया, प्रतिजैविके, चेहऱ्याची स्वच्छता आणि पर्यावरण सुधारणा ही चार अंगे होत. यांपैकी तिसऱ्या अंगाचे मोजमाप सर्वांत कच्चे राहिले आहे.

रोगाची व्याख्या काटेकोर आहे. वरच्या पापणीच्या आतील पृष्ठभागावर किमान अर्ध्या मिलिमीटरच्या पाच पुटिका दिसल्या, तरच मूल बाधित मानले जाते. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र डोळ्यांत चिपडे वा नाकाला शेंबूड आहे काय, एवढेच बहुधा नोंदविले जाते; काही पाहण्यांत माश्या आणि धूळही मोजली जाते. ही नोंद एका क्षणाची असते. पथक येताच ओल्या फडक्याने पुसलेले तोंडही ‘स्वच्छ’ ठरते.

याहून मूलभूत आक्षेप असा की, डोळ्यांतून येणारा स्राव हे खुद्द खुपरीचेच लक्षण आहे. अस्वच्छ चेहऱ्यामुळे रोग झाला की रोगामुळे चेहरा अस्वच्छ दिसला, हे एका वेळच्या पाहणीतून ठरविता येत नाही. तरीही दोष मात्र आईच्या माथी येतो. मग पाणी कितीही लांबून आणावे लागत असो.

टांझानियातील कोंग्वा येथील ६ गावांतील प्रयोगाचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व गावांत टेट्रासायक्लिन मलम दिले गेले; त्यांपैकी ३ गावांत तोंड धुण्याचा प्रसारही झाला. तेथे तीव्र खुपरी घटली, परंतु एकूण खुपरीत तितका स्पष्ट फरक दिसला नाही. इथिओपियाच्या अम्हारा प्रांतातील ४० वस्त्यांच्या चाचणीत (निष्कर्ष २०२२) पाणी व स्वच्छतेच्या उपाययोजनांनंतरही ३ वर्षांत डोळ्यांतील क्लॅमिडिया संसर्ग घटला नाही. यावरून तोंड धुणे निरुपयोगी ठरविणे घाईचे होईल. मुले प्रत्यक्षात किती वेळा आणि कशी तोंड धूत होती, हे सांगणारे विश्वासार्ह साधनच अपुरे आहे. चेहरा पांढऱ्या कापडाने पुसून त्यावरील मळ रंगपट्टीशी ताडण्याची पद्धत निरीक्षकाच्या मतावर कमी विसंबते, हे खरे. पण तीही मळच मोजते, सवय नव्हे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतातील खुपरी ही सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून संपुष्टात आल्याची मान्यता मिळाली. अशा मान्यतेच्या आकडेवारीत मुलांमधील पुटिकायुक्त खुपरी आणि प्रौढांमधील आत वळलेल्या पापण्यांचे प्रमाण पाहतात. स्वच्छ चेहऱ्यांची टक्केवारी त्यात नसते.