ध्वनियोजकाचा वाटा

आमच्याकडील मराठी मंडळांच्या कार्यक्रमांची जी परीक्षणे छापून येतात, त्यांत गायक, वादक, निवेदक, इतकेच नव्हे तर रंगमंच सजविणाऱ्या भगिनी, या सर्वांचा यथोचित उल्लेख असतो. आणि अखेरीस, जागा उरल्यास, ‘ध्वनिव्यवस्था समाधानकारक होती’ असे एक वाक्य असते. आम्हीही वर्षानुवर्षे याच पद्धतीने लिहीत आलो. मध्यंतरी मात्र आमच्या हातून एक अन्याय घडला, आणि या विषयाचा विचार करणे आम्हांस भाग पडले.

प्रसंग असा : सुमारे अडीचशे आसनांचे सभागृह, आणि जुन्या भावगीतांना ड्रम, बेस गिटार, इलेक्ट्रिक गिटार व कीबोर्ड यांची साथ देणारा तरुणांचा एक बँड. गायिकेचा गळा गोड होता. परंतु सातव्या रांगेत बसलेल्या आम्हांला गीतांतील निम्मे शब्द कळले नाहीत. ‘उच्चार अस्पष्ट, शब्दांकडे दुर्लक्ष’ असे आम्ही लिहून मोकळे झालो. पुढे महिन्याभराने त्याच कार्यक्रमाचे, मिक्सरवरून थेट घेतलेले ध्वनिमुद्रण ऐकण्यात आले, आणि आम्ही खजील झालो. अक्षरन् अक्षर स्वच्छ होते. ‘चंद्र’मधला तालव्य च आणि ‘चांदणे’मधला दंततालव्य च यांतील भेद, जो परप्रांतात वाढलेल्या आमच्या मुलांच्या जिभेवरून हळूहळू पुसला जात आहे, तो तिने कटाक्षाने सांभाळला होता.

मग दोष मिक्सरपाशी बसलेल्या गृहस्थांचा म्हणावा, तर तेही खरे नव्हते. त्या ध्वनिमुद्रणात गायिका अगदी पुढे आणि ड्रम कोठेतरी शेजारच्या खोलीत वाजावा तसा ऐकू येत होता. सभागृहात नेमके उलट होते. याचे कारण साधे आहे. एवढ्या लहान जागेत ड्रमला मायक्रोफोनची गरज बहुधा पडतच नाही. तो आपल्याच बळावर शेवटच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. गिटारचा ॲम्प्लिफायरही रंगमंचावरूनच थेट बोलतो. तारांमधून मिक्सरकडे जातो तो मुख्यतः गाणाऱ्याचा आवाज. म्हणजे त्या संध्याकाळी एकाच वेळी दोन मार्गांनी संगीत येत होते, एक तारांतून आणि दुसरे हवेतून. आणि ध्वनियोजकाच्या (व्यवहारात ज्याला आपण ‘साउंडवाला’ म्हणतो त्याच्या) ताब्यात त्यांतील फक्त पहिले होते. मोठ्या मैदानावरील त्याच्या बंधूला हा त्रास नाही. तेथे सारेच मिक्सरमधून जाते आणि सारेच त्याच्या बोटांखाली असते. लहान सभागृहाची ही कला म्हणूनच अधिक अवघड आहे, आणि तिला मोबदला मात्र कमी मिळतो.

‘मग गायिकेचा आवाज वाढवावा,’ असे कोणी म्हणेल. पहिल्या रांगेतून कोणी ना कोणी तसे हातवारे करीतच असतो. परंतु स्पीकरमधून निघालेला आवाज फिरून मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा शिरतो, आणि एका मर्यादेपलीकडे सभागृहात ती सुपरिचित शिट्टी उठते. ही मर्यादा यंत्राच्या किमतीने फारशी हलत नाही. ती हलते गायकाच्या ओठांपासून मायक्रोफोनच्या अंतराने. हे अंतर निम्मे केले तर मायक्रोफोनवर पडणारा आवाजाचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. हाच लाभ यंत्राकडून घ्यावयाचा तर चौपट शक्तीचा ॲम्प्लिफायर लागेल, आणि तरीही शिट्टीचे भय तसेच राहील. गायकांसाठी सर्रास वापरला जाणारा मायक्रोफोन पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. म्हणून गायकाला त्याचाच आवाज ऐकविणारा मॉनिटर त्या बहिऱ्या बाजूस ठेवतात. आणि आमचे तरुण गायक काय करतात? ऐटीत मायक्रोफोनचे डोकेच मुठीत धरतात, त्यामुळे त्याचा बहिरेपणा नाहीसा होतो, शिट्टी वाजते, आणि सारे सभागृह मान वळवून मागच्या टेबलाकडे रागाने पाहते!

एक संप्रदाय असाही आहे, की जो या साऱ्यावर ‘विजेचे हे खूळच नको’ हा उपाय सांगतो. बालगंधर्वांच्या उमेदीच्या काळात नटाचा आवाज ध्वनिवर्धकावाचून नाट्यगृहात पोहोचत असे, याचे दाखले दिले जातात. दाखले खरे आहेत. पण भावगीताला ते लागू पडत नाहीत. भावगीत हे मायक्रोफोनच्या सावलीत वाढलेले अपत्य आहे. गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवरून घरोघरी गेले, ते कानाशी बोलल्यासारख्या संयत, शब्दप्रधान गायनाने. तसा स्वर नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत फेकता येत नाही, आणि फेकला तर तो तो राहत नाही. यंत्राने शब्द मारले असे नव्हे. कुजबुजीच्या पातळीवरचा शब्द सभेत ऐकविण्याची सोय यंत्रानेच केली.

शब्द मरतो तो दुसऱ्या ठिकाणी. गाण्याचे बळ स्वरांत असते आणि त्या बळाचा मोठा भाग एक हजार हर्ट्झच्या खाली असतो. परंतु अर्थ ओळखू येतो तो व्यंजनांवरून, आणि त्यांच्या खुणा बहुतांशी दोन ते चार हजार हर्ट्झ व त्याच्या वर असतात. नेमक्या याच प्रदेशात झांजांची खळखळ आणि गिटारची धार येऊन बसते. त्यामुळे गायिका ऐकू येते, सूर कळतो, आणि शब्द मात्र नाहीसा होतो. श्रोत्याला हे उमगत नाही. त्याला वाटते, बाई तोंडातल्या तोंडात गातात. आम्हांलाही तेच वाटले.

एका अन्य शहरात आम्ही एका ध्वनियोजकाचे काम जवळून पाहिले. त्याने जवळपास काहीच वाढविले नाही. कमी मात्र पुष्कळ केले. बेस स्पीकरमधून काढूनच टाकला. गायिकेच्या मायक्रोफोनमधून शंभर हर्ट्झखालची गुरगुर छाटली. गिटारवाल्याचा ॲम्प्लिफायर एका खुर्चीवर चढवून त्याच्याच कानाकडे वळविला. तत्क्षणी त्या मुलाने आपण होऊन आवाज उतरविला. ड्रमवाल्याला काठ्यांऐवजी ब्रश घ्यावयास लावले, थोडी रुसवाफुगवी झाली. तालमीच्या वेळी घुमणाऱ्या रिकाम्या सभागृहाबद्दल आम्ही चिंता व्यक्त केली, तेव्हा तो म्हणाला, ‘लोक आले की निम्मे काम ते करतील.’ हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात वॉलेस सॅबिनने १८९५च्या सुमारास आसनांच्या गाद्या आणून आणून आवाजाचा घुमारा मोजला होता. माणसांनी भरलेले सभागृह आवाज कसा शोषते, याचे गणित तेथूनच सुरू होते. या गृहस्थाने सॅबिनचे नाव ऐकले नसावे, पण त्याचा अंदाज चुकला नाही.

एकच गोष्ट त्याला साधत नव्हती : त्याला मराठी येत नव्हते. परप्रांतात हे बहुधा असेच असावयाचे. अनोळखी भाषेतील गाणे तोलताना तो आवाजाकडे एक वाद्य म्हणूनच पाहतो. शब्द केव्हा बुडाला हे त्याला कळणार कसे? मंडळाच्या एका वृद्ध सभासद बाई गीतांचा कागद घेऊन शेजारी बसल्या आणि ओळ अस्पष्ट झाली की बोट दाखवू लागल्या. तिसऱ्या गाण्यापासून फरक कळू लागला. अध्यक्षांच्या भाषणासाठी असा कोणी बसविण्याची गरज कधी पडत नाही, कारण त्या वेळी ड्रम गप्प असतो.

या मंडळांच्या सभागृहांत आमच्या पुढच्या पिढीच्या कानांवर सलग मराठी कविता पडण्याचे प्रसंग वर्षातून दोन किंवा तीन. त्यांतील निम्मे शब्द झांजांखाली गेले, तर ती मुले सूर घेऊन घरी जातील आणि भाषा तेथेच राहील. त्या गायिकेविषयी आम्ही लिहिलेले वाक्य येथे मागे घेतो. तिच्या साथीदारांच्या वाजविण्यातील असंयमाविषयी त्या परीक्षणात एक अक्षरही नव्हते. ते आता लिहिले आहे.