फुलराणी

बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०–१९१८) यांची कथात्मक निसर्गकविता. हिरवळीवर खेळणारी अजाण कळी, तिला लागलेली रविकिरणाची ओढ, रात्रीची हुरहुर आणि पहाटे सृष्टीच्या साक्षीने लागलेले लग्न, एवढेच तिचे कथानक. रचना परीकथेची असली, तरी वाऱ्याची सनई व निर्झरांचा पखवाज यांमुळे तो सोहळा अस्सल मराठी घरचा होतो. शालेय पाठ्यपुस्तकांतून ही कविता अनेक पिढ्यांना मुखोद्गत झाली.

या बालसुलभ अद्भुतसृष्टीचा दुसऱ्या कल्पित विश्वात झालेला सर्वांत लक्षणीय प्रवेश म्हणजे पु. ल. देशपांडे यांचे ती फुलराणी (१९७५) हे नाटक. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या पिग्मॅलियन (१९१३) या नाटकाचे ते रूपांतर होय. शॉच्या शीर्षकामागे स्वनिर्मित मूर्तीवर भाळलेल्या शिल्पकाराची, ऑव्हिडने सांगितलेली कथा आहे. मराठी प्रेक्षकाला ती परकी. त्याच्या मनात तितकीच खोल रुजलेली कथा शाळेत पाठ केलेल्या कवितेत होती. शीर्षकातील ‘ती’ हे सर्वनाम त्या सामाईक स्मरणाकडेच बोट दाखविते. शिवाय शिल्पकाराचे नाव जाऊन मुलीचे आले, त्यामुळे भर घडविणाऱ्यावरून घडणारीवर सरकला.

मूळ कवितेशी ताडून पाहता या नावातील उपरोध ध्यानात येतो. कळीचे भाग्य उजेडाबरोबर आपोआप चालत येते. फुले विकणाऱ्या मंजुळेला मात्र एकेका उच्चारासाठी राबावे लागते. कवितेत कवी अगदी शेवटी येतो व गीतांचा अभिषेक करून थांबतो, तर नाटकातील प्राध्यापक आरंभापासूनच निर्माता म्हणून मिरवतो. भक्ती बर्वे यांनी गाजविलेल्या मंजुळेच्या स्वगतातील सूडाची भाषा म्हणूनच केवळ विनोदी वाटत नाही. शीर्षकात निव्वळ गोडवा पाहणाऱ्या समीक्षकांच्या हातून नाटकाचे हे मर्म निसटते.

बालकवी धरणगावचे, ‘बालकवी’ ही उपाधी त्यांना जळगावच्या कविसंमेलनात (१९०७) मिळाली. त्याच खानदेशात, चाळीसगावसारख्या गावी, घरी अहिराणी बोलणारे मूल शाळेत फुलराणी प्रमाण उच्चारांत म्हणू लागते, तेव्हा त्याची शिकवणी मंजुळेच्या शिकवणीहून फारशी वेगळी नसते. नाटकाने ही बाजू पुरती हाताळलेली नाही. बोलीचे स्वतंत्र सौंदर्य तेथे विनोदाच्या भरात दुबळे राहते, आणि मंजुळेने काय मिळविले हे जितके दिसते, तितके तिने काय गमावले हे दिसत नाही.